बसण्याचे भाडे

इराण्यावर एक लेख नसेल तर दिवाळी अंक अपुरा वाटावा, इतकी आता या विषयाची सवय झाली आहे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, बरणीतली खारी, ब्रून-मस्का, पानी कम चाय, गल्ल्यावरचा तिरसट पण मनाने चांगला शेठ, आणि एका चहावर काढलेले तीन तास. लेखकागणिक हॉटेलचे नाव बदलते. कोणाचे गिरगावात असते, कोणाचे दादरला, पुणेकर असेल तर डेक्कनवर. तीन तास मात्र बदलत नाहीत. या लेखनात स्मरणरंजन आहे ही माझी तक्रार नाही. आठवणी रंजक नसाव्यात असा नियम कोणी केलेला नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ते तीन तास कोणाच्या खर्चाने निघाले, हा प्रश्न या लेखांत कोणी विचारत नाही.

आज तो विचारायला हवा, कारण तीच वाक्ये आता दुसऱ्या एका जागेबद्दल लिहिली जात आहेत. मुंबई-पुण्यात, आणि आता नाशिक-कोल्हापुरातही, कुठल्या साखळीत न मोडणारे लहान कॅफे निघाले आहेत. चिकमगळूरच्या किंवा कूर्गच्या एखाद्या मळ्याचे नाव फळ्यावर, एक लांब लाकडी टेबल, भिंतीला प्लगपॉइंट. तिथे लोक लॅपटॉप उघडून काम करतात, पटकथा लिहितात, मुलाखती घेतात, भेटतात. 'इराणी गेला, पण त्याची परंपरा इथे चालू आहे' असे त्यांच्याविषयी म्हटले जाते. ही परंपरा खरोखर चालू आहे का, हे पाहण्यासाठी पेयाचा आणि सजावटीचा विचार थोडा वेळ बाजूला ठेवून बसण्याचा हिशेब मांडावा लागेल. कॅफे पेय विकतो, पण गिऱ्हाईक तिथे वेळ वापरते, आणि त्या वेळेचे भाडे कोणी ना कोणी भरतच असते.

इराणी हॉटेलावरचे सर्वांत नेमके लेखन निसिम इझिकेल यांचे आहे असे मला वाटते, आणि गंमत अशी की त्यातले बहुतेक शब्द त्यांचे नाहीतच. 'इराणी रेस्टॉरंट इन्स्ट्रक्शन्स' ही त्यांची छोटी इंग्रजी कविता हॉटेलातल्या सूचनाफलकाच्या भाषेत आहे. धोबी तलावच्या बास्तानी अँड कंपनीतल्या फलकावरून ती उचलली, असे सांगितले जाते. आपण ती विनोद म्हणून वाचतो. मोडक्या इंग्रजीला हसतो आणि पुढे जातो. पण सूचना कशाकशाबद्दल आहेत ते पाहा. फार वेळ बसण्याबद्दल आहे. काही न मागवता पत्र लिहीत बसण्याबद्दल आहे. केबिनमध्ये चाळे करण्याबद्दल आहे, आणि त्यावर वेटरचे लक्ष असल्याचा इशारा आहे. शिवाय कोणत्याही जातीच्या माणसाचे स्वागत असल्याचा निर्वाळाही आहे. वेळ, लेखन, स्त्री-पुरुष, जात: इराणी हॉटेलचा सगळा सामाजिक करार त्या फलकावर आला आहे. तीन तासांची आठवण सांगणारे लेखक ज्या फलकाखाली बसले होते, त्यावर जास्त वेळ बसू नका असे लिहिलेले होते. तरीही ते बसू शकले. कसे?

याचे एक उत्तर शेठच्या दिलदारपणात शोधले जाते. दुसरे, कमी रम्य उत्तर भाडे नियंत्रण कायद्यात आहे. इराणातल्या यझ्द आणि केरमान भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी मुंबईत कोपऱ्यावरचे गाळे घेतले. हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानत, म्हणून त्या मिळाल्या, असे सर्वत्र सांगतात. कयानी 1904 चे, ग्रँट रोडचे बी. मेरवान 1914 चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया 1923 चे. पुढे 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्याने प्रमाण भाडे ठरवताना 1 सप्टेंबर 1940 ही तारीख धरली. शहराच्या जमिनीचे भाव आकाशाला भिडत गेले, पण पागडीच्या गाळ्याचे भाडे जवळजवळ जागच्या जागी राहिले. अशा जागेत एक खुर्ची तीन तास अडली तरी शेठचे फारसे बिघडत नव्हते. मराठी आणि मुंबईच्या इंग्रजी साहित्याच्या एका मोठ्या कालखंडाला अशा रीतीने घरमालकांनी, अर्थातच नाइलाजाने, आश्रय दिला. साहित्याच्या इतिहासात या आश्रयदात्यांचा उल्लेख नसतो. बिचारे कोर्टात तारखा मोजत राहिले.

हा आश्रय टिकणारा नव्हता. भाडे गोठले की दुरुस्ती थांबते, इमारत खचते, पुनर्विकासाचा प्रस्ताव येतो, पुढची पिढी परदेशी गेलेली असते. एकेक हॉटेल असे गेले. बास्तानीही गेले. इराण्याच्या अस्ताला पिझ्झा-बर्गर जबाबदार धरणारे लेख मी वाचले आहेत, ते मला पटत नाहीत.

फलकावरच्या जातीबद्दलच्या निर्वाळ्याकडे आपण आज सहज काणाडोळा करतो, कारण तो अनावश्यक वाटतो. तो अनावश्यक नव्हता. काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसत आणि राज्यघटनेचे काही काम त्यांनी तिथे केले, अशी एक आख्यायिका मुंबईत आहे. ती खरी असो वा नसो, घटनेत मात्र हॉटेल आहे. अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. 1955 चा अस्पृश्यता (अपराध) कायदा त्याहून खाली, थेट भांड्यापर्यंत उतरतो: उपाहारगृहात सार्वजनिक वापरासाठी ठेवलेली भांडी वापरायला अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणे हा त्याने गुन्हा ठरवला. कपाचा उल्लेख कायद्यात करावा लागतो, त्या समाजात हॉटेलात बसणे ही साधी गोष्ट नसते. दक्षिणेत तर कॉफीच जातीची खूण होती. ए. आर. वेंकटाचलपती यांनी तमिळनाडूतल्या कॉफीवर लिहिलेल्या निबंधात हे तपशिलाने दाखवले आहे; कॉफीभोवतीचा ब्राह्मणी मध्यमवर्गीय अभिमान आणि चहाकडे पाहण्याची तुच्छतेची नजर त्यात दिसते. 1957 साली पेरियारांच्या चळवळीने मद्रासच्या एका कॅफेच्या पाटीवरील 'ब्राह्मण' या शब्दाविरुद्ध निदर्शने केली, ती याच पार्श्वभूमीवर. इराण्याकडे जातीची उतरंड सांभाळण्याचे कारण नव्हते. तो परका होता, आणि त्याच्या परकेपणाचा फायदा गिरणीतून सुटलेल्या आणि वस्तीतून आलेल्या माणसाला झाला. इराणी हॉटेलचे खरे मोल मला इथे दिसते. ब्रून-मस्का नंतर येतो.

पण हे मोल पुरुषांपुरते होते. बहुतेक इराण्यांत बाईसाठी 'फॅमिली रूम' असे, पडद्याआड किंवा लाकडी आडोशामागे. बाहेरच्या टेबलावर एकटी बाई वही उघडून बसली आहे, असे चित्र आठवणींच्या लेखांत शोधावे लागते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या 'व्हाय लॉयटर?' (2011) या मुंबईवरच्या पुस्तकाने या बाबतीत एक अडचणीचा मुद्दा मांडला आहे. नव्या कॉफी शॉपने मध्यमवर्गीय बाईला बाहेर बसायला जागा दिली खरी, पण ती गिऱ्हाईक म्हणून. पैसे खर्च करण्याची ऐपत आणि सभ्य दिसणे या अटींवर. शहरात निरुद्देश रेंगाळण्याचा हक्क त्यातून मिळालेला नाही. हे मान्य करूनही मी नव्या कॅफेच्या बाजूने एक गोष्ट नोंदवीन. तिथे एकट्या बसलेल्या बाईकडे मान वळवून पाहिले जात नाही. इराण्याने हे जमवले नव्हते. परंपरा पुढे चालू असल्याचा दावा करणाऱ्यांनी खरे तर इथे परंपरा तुटल्याचे सांगून आनंद मानायला हवा.

आता अरुण कोलटकर. वेसाइड इनमधली त्यांची गुरुवारची दुपारची बैठक इतक्यांनी सांगितली आहे की ती पुन्हा सांगण्याची गरज नाही. ते हॉटेल बंद पडल्यावर मंडळी फोर्टातल्या मिलिटरी कॅफेत बसू लागली. 'काळा घोडा पोएम्स' हा संग्रह अशोक शहाणे यांच्या 'प्रास'ने 2004 साली काढला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कोलटकर गेले. या संग्रहाला 'कॅफेतली कविता' म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ती दिशाभूल करणारी वाटते. कॅफेत बसून लिहिणारा माणूस साधारणपणे कॅफेबद्दल, आपल्या मित्रांबद्दल, आपल्या कपाबद्दल लिहितो. व्हिएन्नापासून कोलकात्यापर्यंत असे विपुल लेखन आहे. कोलटकरांनी टेबलाकडे जवळजवळ पाठ फिरवली. त्यांची नजर खिडकीबाहेर, रस्त्यामधल्या त्या त्रिकोणी बेटावर आहे. काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, 1965 सालीच राणीच्या बागेत नेला होता. उरलेल्या मोकळ्या जागेत कुत्री, कचरा वेचणाऱ्या बाया, उंदीर मारण्याचे औषध विकणारा, फुटपाथवर संसार करणारी माणसे. 'ब्रेकफास्ट टाइम ॲट काळा घोडा' या दीर्घ कवितेत एक इडलीवाली येते, तिच्याभोवती हीच माणसे जमतात, खातात, आणि थोड्या वेळात सगळे पांगते.

माझ्या मते ती कविता कॅफेची समीक्षा आहे. एका बाजूला छत, खुर्ची आणि टेबल असलेले उपाहारगृह. दुसऱ्या बाजूला यातले काहीही नसलेले, काही मिनिटांचे उपाहारगृह. दोन्हीकडे लोक खातात, बोलतात, एकमेकांची खबर घेतात. फरक बसण्याच्या हक्काचा आहे. कोलटकर आतल्या खुर्चीवर होते, आणि आपण आत आहोत हे त्यांना नीट ठाऊक होते. म्हणून त्यांच्या कवितेत बाहेरच्यांविषयी कळवळा नाही. बारकाई आहे, चेष्टा आहे, आणि माणसांना पूर्ण उंचीचे उभे करणे आहे. खुर्ची मिळालेल्या लेखकाने तिचा इतका चोख उपयोग केल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही. तीन तासांच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी कोलटकरांना आपल्या गोटात ओढताना ते कोणत्या दिशेला तोंड करून बसले होते हे पाहावे.

शेजारच्याच जहांगीर आर्ट गॅलरीत 1964 ते 2015 या काळात उषा खन्ना यांनी चालवलेले 'समोवार' होते. बागेकडे उघडणारी चिंचोळी, लांबट जागा. चित्रकार, नाटकवाले, पत्रकार तिथे पडीक असत. जागा गॅलरीची होती, ती तिला परत हवी होती, आणि पन्नास वर्षांनी ते बंद झाले. भाड्याच्या प्रश्नापुढे स्नेहसंबंध किती टिकतात याचा हा मासला.

बसण्याचे भाडे भरण्याची एक तिसरी रीत या देशात झाली आहे, आणि तिचा आरंभ मुंबईत आहे हे आपण विसरलो आहोत. परदेशी बाजार घसरल्यावर मळेवाल्यांची कॉफी देशातच खपावी म्हणून कॉफी सेस कमिटीने 1936 साली चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाऊस काढले. पुढे कॉफी बोर्डाने ही घरे देशभर चालवली. पन्नाशीच्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली आणि कामगारांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली बेंगळुरूला, ऑगस्ट 1957 मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीचे कॉफी हाऊस उघडले आणि 1958 साली केरळातले त्रिशूरचे. तेव्हापासून पगडीवर पंख्यासारखा तुरा खोवलेला तो वेटर नोकर राहिला नाही. कायद्याने तो मालकांपैकी एक झाला.

कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीट कॉफी हाऊसवर मन्ना डे यांचे गाणे झाले, आणि त्या गाण्यात टेबलाभोवतीचे मित्र आहेत. दिल्लीतल्या कॅनॉट प्लेसचे कॉफी हाऊस आणीबाणीत, 1976 साली, पाडले गेले. सरकारला बडबडणारी टेबले आवडत नाहीत, हे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनेही दाखवून दिले होते. त्याने डिसेंबर 1675 मध्ये कॉफी हाऊसे बंद करण्याचा फतवा काढला आणि काही दिवसांतच गुंडाळला. या हकिकती सर्वांना आवडतात. पण कॉफी हाऊसवरचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे पुस्तक मल्याळममध्ये आहे आणि ते गिऱ्हाइकाने लिहिलेले नाही. नडक्कल परमेश्वरन पिळ्ळै हे कॉफी बोर्डाच्या कामगारांचे पुढारी. त्यांनी 'कॉफी हाऊसिन्टे कथा' म्हणजे कॉफी हाऊसची गोष्ट लिहिली. टेबलाजवळ उभ्या असलेल्या बाजूने सांगितलेला हा इतिहास आहे. एका कपावर तीन तास बसणाऱ्याला सहकारी कॉफी हाऊस उठवत नसे, याचा अर्थ तिथल्या कामगार-मालकांनी आपल्या कमाईतला एक तुकडा त्याच्यासाठी सोडला होता, असा लावावा लागतो. त्यात धंद्याचे तोटेही आले: मळलेल्या भिंती, सावकाश सेवा, न बदलणारा मेनू, नव्या पिढीला न खेचणारी कळा. हे तोटे झाकण्यात अर्थ नाही. पण तिरुवनंतपुरमच्या तंपानूरला लॉरी बेकर यांनी बांधलेल्या कॉफी हाऊसात वर चढत जाणारा गोल उतार आहे आणि त्याच्या कडेने पक्की बांधलेली बाकेटेबले. तिथे खुर्ची सरकवून जागा बळकावता येत नाही, कोपऱ्यातले मानाचे टेबल नाही. बसण्याचा समान हक्क विटांत बांधलेला मला तरी अन्यत्र दिसलेला नाही.

मराठीत असे पुस्तक का झाले नाही, हा प्रश्न मी सोडून देतो. पण हॉटेलातला पोऱ्या मराठी कवितेत आला आहे, तो नारायण सुर्व्यांच्या रूपाने. सुर्वे लहानपणी हॉटेलात पोऱ्या म्हणून राबले, मग गिरणीत, मग शिपाई, मग शिक्षक. 'माझे विद्यापीठ' हे नाव त्यांनी रस्त्यावरच्या अशा आयुष्याला दिले. त्याच काळात त्याच शहरात काहीजण इराण्यात बसून कविता करत होते आणि एकजण इराण्यासारख्या हॉटेलात कपबशा विसळून कवी झाला होता, ही दोन चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय 'कॅफे आणि मराठी कविता' या विषयावर बोलू नये असे मला वाटते.

आता नव्या कॅफेकडे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी 1989 च्या 'द ग्रेट गुड प्लेस'मध्ये घर आणि कामाचे ठिकाण सोडून 'तिसरी जागा' ही कल्पना मांडली. तिथे सगळे सारखे, नेहमीची मंडळी ठरलेली, आणि मुख्य उद्योग गप्पांचा. पुढे मोठ्या कॉफी कंपन्यांनी ही कल्पना जाहिरातीला जुंपली. आज आपल्याकडच्या लहान कॅफेचे वर्णनही याच शब्दांत होते. पण ओल्डनबर्गची तिसरी जागा कामापासून सुटका देणारी होती. नवा कॅफे म्हणजे काम सोबत घेऊन येण्याची जागा. भारतात ही खूण आरंभापासून आहे: कॅफे कॉफी डेचे 1996 मधले बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवरचे पहिले दुकान इंटरनेट कॅफे म्हणूनच उघडले होते. म्हणजे हे तिसरे ठिकाण दुसऱ्याचीच शाखा आहे. कंपनीने न दिलेले ऑफिस, कामगाराने स्वतःच्या पैशाने कपागणिक भाड्याने घेतलेले.

मालकाचे तरी काय चुकते? त्याच्याजवळ पागडी नाही. लीव्ह अँड लायसन्सचा करार, दरवर्षी वाढणारे भाडे, कर्जावरचे एस्प्रेसो यंत्र, वीज, आणि रीतसर शिकवलेली मुले. कॉफीच्या अडीचशे-तीनशे रुपयांत बियांचा वाटा थोडा. मोठा वाटा भिंतींचा. एक माणूस एका कपावर दुपारभर बसला तर त्याचे भाडे दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बिलातून निघते, किंवा निघत नाही. म्हणून काही ठिकाणी शनिवार-रविवार लॅपटॉपला मनाई असते, काही ठिकाणी वायफाय ठरावीक वेळाने तुटते, काही ठिकाणी प्लग मुद्दाम झाकलेले असतात. बास्तानीचा फलक परत आला आहे, फक्त आता तो भिंतीवर नाही. जुना फलक निदान मोठ्याने बोलत असे. जातीविषयीचे वाक्यही आता लिहावे लागत नाही. किंमत पुरेशी बोलते. ही मंडळी स्वतंत्र आहेत म्हणून चांगली आणि साखळीतली म्हणून वाईट, ही वाटणी मला म्हणूनच फार उपयोगाची वाटत नाही. दोघांनाही भाडे एकाच बाजारातून भरायचे आहे. यंत्रामागचा मुलगा दोन्हीकडे पगारीच आहे, आणि त्याच्या गोष्टीचे पुस्तक अजून लिहिले जायचे आहे.

या कॅफेंतून काही चांगले निघत नाही असे मी म्हणणार नाही. कवितावाचने होतात, लहान प्रकाशकांची पुस्तके तिथे ठेवली जातात, चर्चगेटच्या त्या पहिल्या कॉफी हाऊसपेक्षा कॉफी निःसंशय चांगली असावी. कोणत्याही संस्थेत नसलेल्या माझ्यासारख्या माणसाला टेबलाची किंमत कळते. पण 'काम करायला, निर्माण करायला, भेटायला जागा' हे वर्णन वाचताना मला कॅफेऐवजी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका आठवतात. स्पर्धा परीक्षेसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुले-मुली तिथे महिन्याच्या भाड्याने एक खुर्ची घेतात. पार्टिशनमधले हातभर टेबल, एक दिवा, एक प्लग, क्रमांक. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा आहे, गावोगाव वाचनालये आहेत, आणि तरी आजच्या मराठी तरुणाच्या बसण्याचा सर्वांत मोठा बाजार हा आहे. इथे बोलायला बंदी असते. चहाही मिळत नाही. त्यासाठी जिना उतरून कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात जावे लागते. तिथे गर्दी असते, गप्पा जोरात असतात, आणि चहा उभ्यानेच प्यायचा असतो.